पाखरं हाकणारीचा कप

गडब गावच्या खाडीकडच्या शेतांत पुतळीला लोक आधी आवाजानं ओळखायचे, मग तोंडानं. भात दुधात आलं की पाखरांच्या झुंडी उतरतात. लोंबी चिमटीत धरून दूध पिळावं तशी चोचीनं पिळतात, आणि मागं राहतो तो नुसता फोल. म्हणून शेतात उभारलेल्या माळ्यावर कुणीतरी बसावंच लागतं. पुतळी लग्न होऊन आली त्याच वर्षी सासऱ्यानं तिला माळ्यावर चढवली. तिनं छातीत वारा भरून घेतला आणि "हाऽऽऽले, हाऽऽऽ" अशी आरोळी दिली. पाखरं तर उडालीच, पण हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यानं काच खाली करून बघितलं, कुणाला पान लागलं, साप चावला की काय म्हणून. सासरा म्हणाला, "आता डबा बडवायची गरज नाय."

गोफणही ती तशीच मारायची. पाखराला दगड लागता कामा नये, कानाजवळनं जायला पाहिजे, हा तिचा हिशेब. मेलेलं पाखरू कुणाला जाऊन सांगत नाही. भ्यालेलं पाखरू सगळ्या झुंडीला सांगतं. शेजारच्या शेतवाल्या बाया तिच्या बांधाला लागून शेत असलं तर निवांत असायच्या. पुतळी हाकते ती चार शेतांची पाखरं हाकते, असं म्हणायच्या.

अशी ही बाई आता रोह्यात तिसऱ्या मजल्यावर राहते.

नवरा गेला, शेत नणंद धोंडुबाई वाट्यानं करायला लागली, आणि मुलगा निकेश धाटावच्या कंपनीत शिफ्टला लागला म्हणून आईला घेऊन रोह्याला आला. घर चांगलं. नळाला पाणी, गॅलरीत ऊन. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी खिडकीच्या पट्टीवर कबुतर येऊन बसलं. पुतळीनं त्याला बघितलं आणि जे आयुष्यभर केलं तेच केलं.

रात्रपाळी करून झोपलेला निकेश पलंगावरून खाली आला, तो पायांवर नाही. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी हातातलं दूध सांडलं. वॉचमन जिना चढून धापा टाकत दारात उभा. "काय झालं? कोण गेलं?"

"कबुतर गेला," पुतळी म्हणाली. "अजून कोन जायाला पाहिजे?"

असं आठवडाभर चाललं. मग सून ऋतुजानं मनावर घेतलं. ऋतुजा पेण गावातली, बोलायला मऊ, पण एकदा ठरवलं की हलत नाही. ती म्हणाली, "आई, चला, तुम्हाला एके ठिकाणी नेते. तिथं बायका पाखरांसाठी कपबश्या सजवतात."

पुतळीनं तिच्याकडं बघितलं. "पाखरांना चाय पाजतान?"

"दाणे घालतात."

"फुकट?"

"फुकट."

पुतळीनं लुगड्याचा पदर खोचला. "चल. यडी मान्सा बघाला मना आवडतात."

*

रोह्याला लागून अष्टमी गाव, तिथं सलीमाचं घर. घरापुढं अंगण, अंगणात चिकूचं जुनं झाड, आणि ओटीवर बायांचा घोळका. सलीमाचा नवरा मुसा बरीच वर्षं कुवेतला होता. दर खेपेला कपांचे सेट घेऊन यायचा. सोनेरी कडेचे, गुलाबाच्या फुलांचे. शोकेसमध्ये ठेवायचे, पाहुण्याला काढायचे, धुताना फोडायचे. असं करता करता प्रत्येक सेटातला एखादाच कप शिल्लक राहिला. एकट्या कपातून पाहुण्याला चहा द्यायची पद्धत नाही आणि सोन्याची कड असलेला कप टाकवतही नाही. सलीमानं एकदा तसा एक कप बशीवर आडवा चिकटवला, कानाला साखळी लावून चिकूला टांगला, आत मूठभर दाणे टाकले. तिथून हा उद्योग सुरू झाला. आता आळीतल्या सगळ्या शोकेसमधले एकटे कप सलीमाकडं येतात.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. दोन नळ्यांतला गोंद सारखा मिसळावा लागतो, नाहीतर कप उन्हात सुटतो. कप जरा मागं कललेला पाहिजे, नाहीतर दाणे सांडतात. आणि बशीच्या कडेला सुंभ गुंडाळावं लागतं, कारण काचेवर पाखराचा पाय ठरत नाही. हे शेवटचं त्यांना पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. जत्रेत कप खपले, आणि मग ज्यांनी नेले ते सांगत आले की पाखरू येतं, घसरतं, आणि शिव्या दिल्यासारखं ओरडून जातं. सलीमाला ते लागलं. तेव्हापासून तिनं कायदा केला. कुठल्याही नव्या नमुन्याचा एक कप आधी चिकूला टांगायचा. पाखरानं येऊन खाल्लं, की सलीमाची सून झोया त्या कपाच्या बुडाला आपल्या नेलपॉलिशची टिकली लावणार. मग त्या नमुन्याचे सगळे कप पास. टिकली नाही, तर कप विकायला नाही. मग तो कितीही देखणा असो.

"पाखराची पसंती पायजे," सलीमा म्हणायची. "मान्साचा काय, मान्साला काय पन आवडता."

पुतळी पहिल्या दिवशी हसायला गेली आणि संध्याकाळी गोंदानं बोटं चिकटवून परत आली. दुसऱ्या दिवशी ऋतुजाच्या आधी चपला घालून दारात उभी. बघता बघता तिचा हात असा बसला की कप बशीला टेकला की टेकला. सजवण्यात तर तिचा हात धरणारी कुणी नव्हती. झोया फुलं रंगवायची, दुसरी कुणी मणी लावायची. पुतळीनं जुन्या शालूची जर काढली, आरशाचे तुकडे बसवले, आणि साखळीपासून बशीपर्यंत चमचमत्या पट्टीच्या झिरमिळ्या सोडल्या. एका बाजूनं लाल, एका बाजूनं रुपेरी. वारा आला की कप नुसता लखलखायचा.

बाया बघत राहिल्या. झोया पुतळीला मावशी मानून खाला म्हणायची. झोया म्हणाली, "खाला, हा तर नवरीसारखा दिसतो."

"दिसनारच," पुतळी म्हणाली. "शेताला काय, कपाला काय, लखलख पायजेच."

या बोलण्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. तिनं स्वतःही दिलं नाही.

कप चिकूला टांगला. शेजारी झोयाचा फुलांचा कप होता, त्यावर चिमण्यांची भांडणं चालली होती. पुतळीच्या कपाकडं एकही फिरकेना. फिरकेना म्हणजे किती, तर झोयाच्या कपावरच्या चिमण्यासुद्धा पुतळीचा कप टांगल्यावर पलीकडच्या फांदीवर गेल्या. झोयाला आपला कप दुसरीकडं हलवावा लागला.

"नवा हाय," सलीमा म्हणाली. "वलख होऊ दे."

ओळख होईना. पुतळीनं दाणे बदलले. तांदूळ टाकले, कणी टाकली, नाचणी टाकली, रोह्याच्या बाजारातले चांगले पातळ पोहे टाकले. मुंग्या आल्या, एक खार येऊन लांबूनच परत गेली. पाखरू नाही. आणि इकडं पुतळी घरी जाऊन त्याच नमुन्याचे कप करत होती, कारण दिवाळीच्या तोंडावर पेणला रामवाडीच्या मैदानावर बायांच्या गटांची जत्रा भरणार होती आणि सलीमाच्या गटाला तिथं स्टॉल मिळाला होता. पुतळीनं नणंदेला फोन करून सांगूनही टाकलं होतं.

धोंडुबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "पुन्ना सांग."

"पाखरांना दाना घालाचा कप. मी केलेला. पेनला स्टॉलवं ठेवनार."

"तू."

"मीच."

"तुझ्या कपातला दाना पाखरू खाईल?" धोंडुबाईच्या आवाजात हसू फुटत होतं. "अगो पुतले, तुझा नाव काढला तं आमचे कडचे पोपट अजून रस्ता बदलतान. मी येतेच बघाला. आख्खी गडब घेऊन येते."

आता माघार कशी घ्यायची? तोंडानं सांगून बसली होती. पेणच्या स्टॉलवर आपला कप नसला, तर धोंडुबाई ती गोष्ट पुढची दहा लग्नं आणि बारशी पुरवून पुरवून सांगणार, हे पुतळीला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर नुसतं धोंडुबाईचंच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर आल्यापासून आपण कशालातरी उपयोगी आहोत असं तिला पहिल्यांदाच वाटलं होतं, ते या कपांमुळं. पाखरांनीच नको म्हटलं तर कुणाकडं दाद मागणार?

झोयानं एकदा गमतीनं म्हटलं, "खाला, पाखरं तुम्हाला ओळखत असतील. गडबवरून सांगावा आला असेल."

झोयानं गंमत केली, पण पुतळीच्या ते डोक्यात बसलं. भ्यालेलं पाखरू सगळ्या झुंडीला सांगतं, हे तिचंच शास्त्र. दुसऱ्या दिवशी दुपारी बाया जेवायला गेल्या तशी ती चिकूखाली जाऊन उभी राहिली. इकडं तिकडं बघितलं आणि वर तोंड करून हळूच म्हणाली, "आयका रं. पोटासाठी हाकलला. तुमी पन पोटासाठीच आलंतंव. माझा भात गेला, तुमचा बी गेला. आता इसरा."

वर कुणी नव्हतं. खिडकीत झोया होती. ती तोंडात ओढणी कोंबून आत पळाली.

*

जत्रेला थोडे दिवस राहिले तसे पास झालेले कप खोक्यांत भरायला लागले. पुतळीचं खोकं ओटीच्या कोपऱ्यात तसंच, टिकलीशिवाय. सलीमाला वाईट वाटत होतं, पण कायदा कायदा. ती म्हणाली, "पुतलीबाय, तुझ्यासाठी मोडला तं उद्या सगल्या मोडतील गो."

"मी कुठं मोड म्हनते?" पुतळी म्हणाली. "मना वाकडी टिकली नको."

भातकापणी चालू होती. पुतळी एक दिवस एसटी धरून गडबला उतरली, वाट्याचं भात कसं झालंय ते बघायला. बांधावरून चालत गेली. ऊन डोक्यावर, खाडीकडचा खारा वारा. पुढच्या शेतात अजून कापणी व्हायची होती. पोपटांची एक टोळी किंचाळत आली, शेताच्या अंगावर झेपावली, आणि मध्येच गर्रकन वळून निघून गेली. कुणी ओरडलं नाही, कुणी गोफण मारली नाही. पुतळी थांबली. शेतभर काठ्या रोवल्या होत्या आणि काठ्यांना चमचमती पट्टी ताणली होती. एका बाजूनं लाल, एका बाजूनं रुपेरी. वाऱ्यावर ती लखलखत होती आणि गुणगुणत होती. मधूनमधून फुटक्या आरशाचे तुकडे टांगले होते.

ही पट्टी पुतळीनंच शेताला आणली होती. माळ्यावर तिच्या जोडीला बसायला माणूस मिळेना झाला तेव्हा तिनंच पेणच्या बाजारातून रीळ आणलं होतं. त्यातलं उरलेलं रीळ रोह्याच्या कपाटात होतं. आणि त्याच रिळाच्या झिरमिळ्या तिनं कपाला लावल्या होत्या.

पुतळी बांधावर खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. विळा हातात घेतलेली धोंडुबाई शेतातून बघत होती. "काय गो? ऊन लागला का?"

"कई नाय," पुतळी डोळे पुसत म्हणाली. "तुझा भात चांगला आलाय."

"मंग हसतंस कला?"

"चांगला आलाय म्हनून."

धोंडुबाईला पटलं नाही, पण पुतळीनं काही सांगितलं नाही. हे सांगितलं असतं तर जत्रेपर्यंत नागोठण्यापासून वडखळपर्यंत पोचलं असतं.

निघताना ती धोंडुबाईच्या दारात टेकली. दारावर दसऱ्याला बांधलेलं नवं होतं. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुर्डूचं फूल, एका गाठीत बांधून चौकटीला लावतात ते. आंब्याचं पान सुकलं होतं आणि लोंब्यांतले दाणे चिमण्यांनी वेचून नेले होते. एक चिमणी तेव्हाही तिथं लोंबकळत उरलंसुरलं टिपत होती. तिच्याकडं दोघींपैकी कुणी हात उचलला नाही. शेतात गळा फुटेस्तोवर ओरडणाऱ्या या बाया दारावरच्या नव्यावर बसलेल्या पाखराला कधी हाकत नाहीत. शेतातलं आपलं, दारातलं त्याचं, असं सासूनं सांगितलेलं.

पुतळी त्या चिमणीकडं बघत राहिली. मग उठली आणि कापलेल्या पेंढ्यांतून चांगल्या भरल्या लोंब्यांचा भारा वेचून पिशवीत घातला.

"आता ह्यो कनाला?" धोंडुबाई म्हणाली.

"शो करायला," पुतळी म्हणाली आणि एसटीला गेली.

*

रोह्याला येऊन तिनं सलीमाच्या ओटीवरचं खोकं उघडलं आणि स्वतःच्या हातानं सगळी लखलख उतरवली. पट्टी काढली, आरसे काढले, जर काढली. ऋतुजा बघत होती. "आई, अहो इतकं छान केलेलं."

"छान तं हायच," पुतळी म्हणाली. "पोपट सांगतील किती छान."

मग तिनं प्रत्येक कपाच्या कानाला नवं बांधलं. लोंब्यांची वेणी घालून, आंब्याचं पान मध्ये धरून, सुंभाच्या गाठीनं. कुर्डू कुंडलिका नदीच्या काठी मिळाला. जत्रेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कप चिकूला टांगला आणि सगळ्या बाया ओटीवर दम धरून बसल्या.

फार वेळ लागला नाही. एक चिमणी आली. आधी फांदीवर, मग साखळीवर, मग थेट लोंबीवर. मान वाकडी केली. चोच दाण्याला लावली.

दारावर असती तर पुतळी गप्प राहिली असती. पण लोंबीवर चिमणी बसलेली दिसली आणि मागं झाड होतं, वर आभाळ. तिला कळायच्या आधी तिचा हात वर गेला आणि छातीतला सगळा वारा बाहेर आला. "हाऽऽऽले, हाऽऽऽ."

चिमणी गेली. झोयाच्या कपावरच्या गेल्या. पलीकडच्या घराच्या कौलांवरचे कावळे गेले. मुसा आत चहा पीत होता, तो बशी हातात घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "कोन मेला?"

ओटीवर बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. पुतळी वर गेलेल्या आपल्याच हाताकडं बघत उभी होती. "जलला तोंड," ती म्हणाली. "हात तरी धराचा ना गो कुनी माझा."

"हात धरून काय व्हनार?" सलीमा डोळे पुसत म्हणाली. "तोंड धराला पायजे."

काळोख पडायला लागला होता. पाखरं आता येणार नव्हती. सकाळी टेंपो येणार होता. सलीमा म्हणाली, "सकाल हाय ना अजून. पन तू लांब बस."

"लांब कला बसू? माझा कप हाय."

यावर उपाय ऋतुजानं काढला. घरी जाताना ती रस्त्यात सहज म्हणाली, "आई, उद्या तोंडात पाणी धरून बसा. तोंडात पाणी असलं की ओरडता येत नाही."

पुतळी थांबली. सुनेकडं तिनं असं बघितलं, जसं लग्नानंतर एकदाही बघितलं नव्हतं. "आवरी अक्कल हाय तुला," ती म्हणाली, "आनि तू कंपनीच्या मान्साशी लगीन केलास."

*

सकाळी टेंपोवाला सुशील अष्टमीत आला तेव्हा खोकी ओटीवर मांडलेली होती. पुतळीचं खोकं बाजूला. पुतळी चिकूपासून चार हातांवर पाटावर बसलेली, गाल फुगवून, तोंडात पाणी, दोन्ही हात स्वतःच्याच मांड्यांखाली दाबलेले. सुशीलनं खोकी चढवायला सुरुवात केली. एक, दोन, सगळी चढली. पुतळीचं राहिलं.

"ह्या कवा घेवाचा?" त्यानं विचारलं.

"थांब," सलीमा म्हणाली.

"थांब म्हंजे? वडखलला ट्राफिक हाय."

तेवढ्यात चिमणी आली. कालचीच असेल नाहीतर तिची जाऊ असेल. साखळीवर उतरली, इकडं तिकडं बघितलं, पुतळीकडं बघितलं. पुतळीचे गाल थरथरले. मांड्यांखालचे हात सुटायला बघत होते. ऋतुजानं मागून खांदे धरले. चिमणीनं लोंबीला चोच लावली, दाणा ओढला, सोलला, फोल खाली टाकलं. मग दुसरा. मग बशीवर उतरून कपात डोकं घातलं. मागून दुसरी आली, तिसरी आली, आणि बशीवर भांडण जुंपलं.

झोया नेलपॉलिशची बाटली घेऊन खोक्याकडं धावली आणि कप उलटे करून टिकल्या लावत सुटली. मुसा दारात उभा राहून टिकल्या बघत म्हणाला, "सरळ लाव गो, घाई कनाला?"

खोकं टेंपोत गेलं. सुशील स्टिअरिंगवर बसला. "चला, तो झाडावरचा बी काढा. नमुना म्हनून पुढं टांगाचा हाय ना?"

सलीमानं कप काढायला हात वर केला. पुतळीनं तिचा हात धरला. बोलता येत नव्हतं, तोंडात पाणी तसंच. तिनं नुसतं बोट दाखवलं. कपात चिमण्या जेवत होत्या. आणि जेवत्या पंगतीतून कुणाला उठवायचं नाही, हे पुतळीनं डोळ्यांनीच असं सांगितलं की सलीमानं हात खाली घेतला.

सुशीलनं हॉर्नकडं हात नेला. पुतळीनं त्याच्याकडं वळून बघितलं. त्यानं हात मांडीवर ठेवला आणि इंजिनही बंद केलं.

आणि त्या शांततेत पुतळीचा मोबाईल वाजला. ऋतुजानं घाईनं तिच्या कनवटीचा काढून कानाला लावला. पलीकडं धोंडुबाई होती, रामवाडीच्या मैदानावर पोचलेली, मागं गडबच्या बायांचा कालवा.

"पुतले, कुठं हायस? आमी येऊन हुब्या. कप येनार का नाय येनार?"

"आत्या, मी ऋतुजा," ती हळू आवाजात म्हणाली. "कप येणार. सगळे येणार. थोडा उशीर होईल."

"उशीर कला? पुतलीला दे."

"आईंना बोलता येत नाही आत्ता."

"काय झाला तिला?" धोंडुबाईचा आवाज घाबरा झाला.

ऋतुजानं सासूकडं बघितलं. सासू फुगल्या गालांनी कपाकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत असं काही हसू होतं की आता पाणी तोंडात राहतं की नाही याचीच भीती.

"काही नाही झालं, आत्या," ऋतुजा म्हणाली. "त्यांच्याकडं पाहुणे जेवायला बसलेत."